खलाशांची थट्टा

इंग्लंडांतील आल्टन गांवीं १८६७ सालीं फॅनी अ‍ॅडम्स या आठ वर्षांच्या मुलीचा खून होऊन देहाचे तुकडे करण्यांत आले. लौकरच ब्रिटिश आरमारांत डबाबंद मटण आलें. तें न रुचून खलाशी त्यालाच ‘फॅनी अ‍ॅडम्स’ म्हणूं लागले! पुढें या नांवाचा अर्थ ‘कांहींच नाहीं’ असा होऊन बसला. समुद्रावर निकृष्ट अन्नावर दिवस काढणाऱ्यांच्या विनोदास आम्हीं घरीं सोवळ्यांत बसून नांवें ठेवावीं काय? आम्हांस तें धैर्य होत नाहीं. पहिल्या खलाशास निदान ती मुलगी ठाऊक होती. नंतर तें नांव सहज उच्चारणारा निर्दोष खरा. पण तिला पुरतें पुसतो तोच. आल्टनच्या दफनभूमींत लोकवर्गणीच्या दगडावर मात्र तें नांव अजून तिचेंच आहे.