बाजाराचा निवाडा आणि सिद्धरामेश्वरांचा तलाव

बाजार ज्याच्या पदरात जे टाकतो तेच त्याच्या योग्यतेचे माप होय, ही समजूत उदारीकरणाचे धोरण आणणाऱ्या २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पानंतर आपल्याकडे इतकी रूढ झाली की, दारिद्र्याचे खापर पूर्वसंचितावर फोडणारी जुनी वृत्तीच गुणवत्तेचे नाव घेऊन परतली आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही.

सोलापुरात १८७७ साली सुरू झालेली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी या धोरणाच्या कितीतरी आधी बुडाली होती, तेव्हा सारा दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे. परंतु लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली ती त्याच दशकात, आणि दरमहा पगार व भविष्यनिर्वाह निधी यांचा हक्कदार असलेला कामगार यंत्रमागावर मिळेल त्या मजुरीने उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातचे कसब तिळभरही उणे झाले नव्हते. शहराच्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन, तेंदूचे पान कातरून, चिमूटभर तंबाखू भरून दोरा आवळणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती हजारी हिशेबाने, आणि खराब ठरवून बाजूला काढलेल्या विड्या त्यातून वजा होतात; तिच्याच गल्लीतून पुण्यास गेलेल्या अभियंत्याचे वेतन तिच्या कमाईच्या कित्येक पट असते. तो कष्ट करतो, हे मला मान्य आहे; तिच्याहून तितके पट करतो, हे मान्य नाही.

बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी याच सोलापुरात लोकांच्या श्रमातून तलाव खोदविला. ते ज्यांच्यापैकी एक होते त्या शरणांच्या विचारात कायक म्हणजे ईश्वरपूजेच्या तोलाचे कर्म, आणि दासोह म्हणजे त्याचे फळ समाजाच्या पदरी घालणे. दासोहाला दानधर्म समजणे ही मोठी गफलत होय, कारण दाता आपले म्हणून देतो, आणि येथे फळावरील एकट्याची मालकीच मुळात अमान्य आहे. विषम मोबदल्याने उद्योगास चालना मिळते, हा अर्थशास्त्र्यांचा युक्तिवाद मी सोयीचा म्हणून स्वीकारीन. त्यावरून अधिक मिळविणारा अधिक योग्य ठरतो, हे मात्र स्वीकारणार नाही.

म्हणूनच सोलापूरजवळच्या कुंभारीच्या माळावर कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभ्या राहिलेल्या विडी कामगार स्त्रियांच्या दहा हजार घरांना, ज्यांत सरकारबरोबर त्यांचा स्वतःचाही पैसा आहे, आणि ज्यांसाठी कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांसह त्या वर्षानुवर्षे झगडल्या, सरकारी मेहेरबानी म्हणणे मला अधर्म वाटतो.