हरवलेल्या किल्लीचें मोल

पुण्यांत भाड्याच्या घरांत राहणारा माझा भाचा परवां एक प्रश्न घेऊन आला. प्रवासांत त्याच्याकडून घराची किल्ली हरवली. दुसरी किल्ली होती; तिच्यावरून त्यानें नवी करून घेतली. आतां घर सोडण्याची वेळ आली आहे. "कुलूप शाबूत आहे, दोन्ही किल्ल्या मी परत करतों. मग मामा, मालकांना हें सांगायलाच हवें का? त्यांचें नुकसान तें काय झालें?"

वरवर पाहतां हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु आपल्या दाराच्या किल्ल्या कोणाकोणापाशीं आहेत हें आपणांस ठाऊक असावें, यांतच कुलपाचें सारें मोल सांठवलेलें असतें. एक किल्ली अज्ञात हातीं गेली कीं ती खात्री संपली. कुलूप जसेंच्या तसें राहूनही निरुपयोगी झालें. त्याचा धोका भाच्याला नाहीं. त्याच्या मागून येणाऱ्या बिऱ्हाडाला आहे.

कायद्याचा कलही भाच्याच्या बाजूनें नाहीं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें 108 वें कलम सांगतें कीं, वेगळा करार नसेल तर भाडेकरूनें जागा मिळाली तशी परत करावी. वाजवी झीज व अनिवार आपत्ति एवढेच अपवाद. गंजून निकामी झालेलें कुलूप झिजेंत मोडेल. हरवलेली किल्ली मोडणार नाहीं. केंद्र सरकारच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टानेंही दारांचीं कुलपें बदलण्याचें काम भाडेकरूच्याच वाट्यास दिलें आहे. अर्थात् तो नमुना होय. राज्यानें स्वीकारल्यावांचून तो लागू होत नाहीं.

"पण खिसेकापूनें किल्ली नेली असती तर?" भाच्यानें विचारलें. प्रश्न रास्त आहे. तेथें दोष नाहीं, दुर्दैव आहे. तथापि त्या दुर्दैवाशीं मालकाचा संबंध त्याहूनही कमी. दोघे निर्दोष असतां भार कोणीतरी उचललाच पाहिजे. ज्याच्या हातीं ठेव होती त्यानें तो उचलावा, हेंच मला न्याय्य वाटतें.

मात्र या न्यायाला दुसरी बाजूही आहे. तें कुलूप पूर्वीच्या तीन बिऱ्हाडांनीं वापरलेलें. त्यांनीं किती किल्ल्या करून घेतल्या, याची मालकांनीं कधीं चौकशी केली नाहीं. कुलूपही बदललें नाहीं. जी खात्री त्यांनीं स्वतः बाळगली नाहीं, तिची पूर्ण किंमत दुसऱ्याकडून कशी मागावी? जुन्या साध्या कुलपाच्या जागीं भारी कुलूप बसवून त्याचा सर्व खर्च अनामत रकमेंतून कापणें, ही तर भरपाई नव्हे, कमाई होय.

भाच्यानें अखेर सर्व कांहीं सांगितलें. मालक क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "खरें सांगूं? या दाराच्या एकूण किल्ल्या किती, हें मलाही ठाऊक नाहीं." साधेंच नवें कुलूप आणून दोघांनीं निम्मा निम्मा खर्च सोसला.

सर्वच व्यवहार इतके गोड होत नाहींत, हें मी जाणतों. म्हणूनच घरमालकांना एक विनंति करावीशी वाटते. खरें बोलणाऱ्याला दंड असह्य होऊं लागला, तर किल्ल्या हरवावयाच्या थांबणार नाहींत. त्या हरवल्याचें तुम्हांला कळणें मात्र थांबेल.