आमच्या वेळचे वाचन

गेल्या वर्षी पंधरा ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने, शहरातल्या एका शाळेत मला चार शब्द बोलायला बोलावले होते. वय झाले की माणसाला अशी बोलावणी येऊ लागतात, आणि तो जातो. मी गेलो, आणि माझ्या वयाची माणसे जे बोलतात तेच बोललो. आमच्या वेळी आम्ही वाचत होतो. सुट्टीत वाचनालय उघडण्यापूर्वीच पायरीवर जाऊन बसत होतो. हरिभाऊ, नाथमाधव, अर्नाळकर, जे हाती येईल ते वाचत होतो. आणि तुम्ही मुले मात्र... पुढचे वाक्य वाचकांना पाठ असेल. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग नववीतली एक मुलगी उठली आणि तिने विचारले, "सर, तुमच्या गल्लीतली सगळीच मुलं वाचत होती का?"

"बहुतेक," असे काहीतरी म्हणून मी वेळ मारून नेली. ते खोटे होते.

१९६४ साली मी चौदा वर्षांचा होतो. हे शहर तेव्हा औरंगाबाद होते आणि आमचे घर गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत. माझ्या वयाची मुलेमुली तिथे तीस-चाळीस असतील. त्यांपैकी आपण होऊन पुस्तक हाती धरणारी किती, हे त्या रात्री मी अंथरुणात पडल्यापडल्या बोटांवर मोजू लागलो. दुसऱ्या हाताची गरज पडली नाही. माझी थोरली बहीण वाचायची, पण भाकऱ्या झाल्यावर. आणि लग्न झाल्यावर तेही संपले. 'आम्ही' हे सर्वनाम मोठे लबाड आहे. ते पाच जणांचे असते आणि सबंध पिढीच्या नावाने बोलते.

मराठवाड्यातल्या माणसाने तर हे सर्वनाम अधिकच जपून वापरावे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. उर्दूचे वैभव या शहरात मोठे. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचा कारभार कितीतरी वर्षे इथूनच पाहिला. परंतु ज्याच्या घरी मराठी बोलत, आणि त्यातही ज्याच्या घरी कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते, त्या मुलाला यातले काय मिळत होते? १९५१ च्या खानेसुमारीत हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसेही साक्षर नव्हती. कमी झाले म्हणण्यासाठी आधी काहीतरी असावे लागते.

तक्रार तशी जुनीच आहे. प्लेटोच्या एका संवादात मिसरचा राजा लिपीच्या देवतेला सांगतो की, तुझ्या या अक्षरांमुळे माणसांची स्मरणशक्ती जाईल. ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून! पण हे मी लिहितो आहे ते स्वतःला सोडवून घेण्यासाठी नव्हे. मला सांगायची गोष्ट निराळीच आहे.

आमच्याकडे सरपण फोडायला एक गडी येत असे. त्याच्याबरोबर त्याचा मुलगा यायचा, माझ्याच वयाचा. फोडलेली लाकडे तो अंगणात रचायचा आणि मी ओसरीवर बसून 'वीरधवल' वाचायचो. एके दिवशी त्याने विचारले की पुस्तकात काय आहे. मी सांगू लागलो. तो लाकडे रचीत ऐकायचा. मी भर रंगात येऊन थांबायचो आणि म्हणायचो, पुढचे पुढच्या खेपेला. असे महिनाभर चालले. मग तो म्हणाला, "भाऊ, दोन रोज द्या की. मला वाचता येतं. फाडणार नाही."

मी म्हणालो, "लायब्ररीचं आहे. देता येत नाही."

पुस्तक घरचे होते. वडिलांचे नाव आत लिहिलेले होते.

मी असे का केले, याची उत्तरे मी पुढे पुष्कळ शोधली. जात हे एक उत्तर आहे. तो ओसरीच्या खाली उभा होता आणि मी वर बसलो होतो, हे काही आपोआप घडले नव्हते. परंतु त्या क्षणी माझ्या मनात जे होते ते याहूनही क्षुद्र होते असे मला वाटते. त्याने ते वाचले असते तर मी सांगणारा उरलो नसतो. मला वाचनाचा आनंद होता, तसाच त्याला वाचायला मिळत नाही याचाही होता. दुसऱ्या खेपेला त्याने गोष्टीचे नाव काढले नाही. त्या कादंबरीतली पात्रे मी आजही सांगू शकेन. त्या मुलाचे नाव मला आठवत नाही.

कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी १९०७ च्या सुमारास मॅट्रिक झालेल्या एका मुलाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तो मुलगा भीमराव आंबेडकर. त्यांनीच पुढे १९५० साली या गावात महाविद्यालय उघडले, जे आज मिलिंद म्हणून ओळखले जाते, आणि ज्यांच्या घरात पूर्वी पुस्तक नव्हते अशी खेड्यापाड्यांतली मुले तिथे येऊन वाचू लागली. माझ्या ओसरीपासून नागसेनवन फार तर तासाभराच्या चालीवर असेल. १९६४ मध्ये मी मात्र पुस्तकाला कुलूप लावून बसलो होतो.

मग आजची मुले जास्त वाचतात, असे म्हणावे काय? तेही धीटपणे म्हणवत नाही. २०२३ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलांपैकी सुमारे चतुर्थांश जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता आला नाही. आणि जवळजवळ नव्वद टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता व तो वापरता येत होता. आणि ज्यांना वाचता येते त्यांचे काय? माझी नात 'नीट'ची तयारी करते. सकाळपासून रात्री दहापर्यंत ती वाचतच असते. मी त्या वयात वर्षभरात वाचली नसतील इतकी पाने ती महिन्यात उलटते. पण त्यांतले एकही तिने निवडलेले नाही. मला लांबच लांब रिकामी दुपार मिळाली होती, तिच्या दुपारी शिकवणीवर्गाकडे आहेत. मोबाइलला दोष देणे सोयीचे आहे, कारण तो उलटून बोलत नाही. शिकवणीचा पहिला हप्ता मी भरला होता.

२०२१ साली, करोनाने शाळा विस्कटल्या होत्या त्या दिवसांत, बायजीपुऱ्यात एका शाळकरी मुलीने घरची पुस्तके मांडून मोहल्ल्यातल्या मुलांसाठी वाचनालय सुरू केले. पाहता पाहता शहरात अशी तीसहून अधिक झाली. वर्तमानपत्रात ती बातमी मी दोनदा वाचली. ती मुलगी जवळची पुस्तके बाहेर नेऊन ठेवत होती, आणि तेव्हा तिचे वय मी अंगणातल्या त्या मुलाशी खोटे बोललो त्याहून फारसे वेगळे नव्हते.

त्या शाळेचे बोलावणे यंदाही आले आहे. आता ती मुलगी दहावीत असेल, आणि दहावीच्या मुलांना अशा कार्यक्रमांना बसू देतात की नाही कोण जाणे. 'वीरधवल'ची प्रत अजून माळ्यावर आहे. पुठ्ठा सुटला आहे, शेवटची काही पाने कसरीने खाल्ली आहेत. ती बरोबर न्यावी असे मनात येते. पण नेली तर लाकडांची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायची की नाही हे माझे अजून ठरलेले नाही.