रांगडी बोली आणि पडद्यावरचा पाटील

गावरान बोलणारा पुढारी मनाने सरळ असतो, ही महाराष्ट्रातील समजूत वाटते तितकी जुनी नाही. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) आणि पुढे सत्यशोधक जलशांमध्ये, म्हणजे प्रबोधनासाठी केलेल्या गाण्या-संवादांच्या कार्यक्रमांमध्ये, कुणब्याच्या तोंडची रोखठोक शब्दकळा आली ती आपुलकी कमावण्यासाठी नव्हे, पोथी आणि कचेरी ज्यांच्या हाती होती त्यांना जाब विचारण्यासाठी. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने वाढले, आणि जाब विचारणाऱ्यांची ही बोली हळूहळू सत्तेचीच बोली झाली. राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर प्रमाणभाषा, म्हणजे शाळा व छापील ग्रंथांनी मान्य केलेली मराठी, सफाईने वापरत. त्यांच्याच कृष्णाकाठच्या, पुढे मुख्यमंत्री झालेल्या वसंतदादा पाटलांना मात्र तिची गरज भासली नाही, आणि औपचारिक शिक्षण फारसे नसणे हे लोकांच्या लेखी त्यांचे उणेपण न राहता भांडवल ठरले.

या विश्वासाला पहिला मोठा तडा चित्रपटाने दिला. विजय तेंडुलकर लिखित आणि जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’मधील (१९७४) साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील दरडावत नाही, तो पाहुणचार करतो, खालच्या पट्टीत आर्जवाने बोलतो, आणि बेपत्ता मारुती कांबळेचे काय झाले हा गावात आलेल्या मास्तरांचा प्रश्न त्या अगत्याखाली दडपला जातो. येथे बोली खोटी नाही, ती अस्सलच आहे, आणि प्रेक्षक अस्वस्थ होतो तो नेमका त्यामुळे. हिंदुराव साकारणारे निळू फुले लोकनाट्यातून आलेले. तमाशातील सोंगाड्या, म्हणजे भाबडेपणाचे सोंग घेऊन राजालाही टोमणा मारणारा विनोदी नट, त्यांना आतून ठाऊक होता. हिंदुरावात तो भाबडेपणा उलटा फिरतो आणि टोमणा मारणाऱ्याच्या ऐवजी मालकाच्या कामी येतो. त्याच निळू फुल्यांनी ‘सिंहासन’ चित्रपटात (१९७९) शहरी पत्रकार दिगू टिपणीस तितक्याच सहजतेने उभा केला, हेही विसरता येत नाही.

मात्र प्रत्येक गावरान पुढाऱ्यात हिंदुराव शोधणे हा शहरी वाचकाचा आळस होय. तासगावचे आर. आर. पाटील, लोकांचे ‘आबा’, यांची साधी बोली ग्रामस्वच्छता अभियानात खरोखर कामाला आली, कारण ऐकणारे आणि बोलणारा एकाच मातीतले होते. पण नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर गृहमंत्री म्हणून ते हिंदीत बोलले, मोठ्या शहरांत असे एखादे प्रकरण घडतेच अशा आशयाचे, आणि ऐकणाऱ्यांना ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधील (१९९५) राजचा, मोठ्या देशांत अशा छोट्या गोष्टी होतच असतात, हा लाडिक संवाद आठवला. काही दिवसांतच आबांना पद सोडावे लागले. त्या विधानाची बेफिकिरी म्हणून निर्भर्त्सना झाली, परंतु भाषेच्या अंगाने पाहता तेथे गावरानपणा नव्हताच: स्वतःच्या बोलीत सांत्वनाचे, शोकाचे शेकडो शब्द जवळ असलेला माणूस परक्या भाषेत शिरला तेव्हा त्याच्या हाताशी लागली ती पडद्यावरून सर्वांच्या कानी बसलेली एक लकब.