चुलीपुरता उजेड

घर बांधायला काढले की देवघराची दिशा आपण आधी ठरवतो, मग बैठकीची जागा. चुलीला मात्र जी जागा उरेल ती. असे का व्हावे, हा प्रश्न मला जाफराबादेस एका नातेवाइकांच्या घरी पडला.

केळना आणि पूर्णा यांच्या संगमावरचे हे गाव. १९८१ साली जालना जिल्हा झाला, त्यापूर्वी ते औरंगाबाद जिल्ह्यात मोडे. इकडची जुनी घरे मातीच्या धाब्याची. भिंती रुंद, खिडक्या बेताच्या. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा याच भिंती जीव वाचवतात. स्वयंपाकघर सर्वांत आत. धाब्यातल्या एका झरोक्यातून धूर बाहेर जायचा आणि त्यातूनच काय तो उजेड आत यायचा.

आमच्या चुलतभावाने गल्लीकडची पूर्वेची पडवी काचेने बंद करून घेतली. तिथे कुंड्या ठेवायच्या, वेताच्या खुर्च्या मांडायच्या, असा त्याचा बेत. काकू एवढेच म्हणाल्या, "अरे, झाडांना उजेड देतोस, तर ओटाही तिथेच कर की!"

ओसरीवर सगळे गप्प झाले. मग काका म्हणाले, "गल्लीने आपल्या ताटात पाहायचे का?"

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७२ च्या दुष्काळात किती घरांतून मिलोच्या तांबड्या भाकरी थापल्या गेल्या! त्या घरांची अब्रू आतल्या अंधाराने झाकली. पण त्याच अंधाराने सोवळेही राखले. कोणी कुठपर्यंत यावे, कोणाची सावली कुठे पडू नये, याचा हिशेब चूल आत ठेवूनच सांभाळला गेला. आणि या दोन्हींची किंमत दिली ती चुलीपुढे बसणारीने. पऱ्हाट्या आणि गोवऱ्या यांच्या धुराने डोळे आणि फुप्फुसे बिघडतात, हे आज वैद्यकाने निःसंशय सांगितले आहे. आता गॅस आला, धूर गेला. खोली मात्र तीच राहिली.

थंड मुलखातल्या श्रीमंतांनी संत्र्यांची झाडे हिवाळ्यात जगावीत म्हणून काचघरे उभारली. आपल्याकडेही बंगळूरच्या लालबागेत १८८९ साली मोठ्या काचघराची पायाभरणी झाली. झाडाला उजेड लागतो हे आपल्याला तेव्हाच पटले होते. मग काकूंचे म्हणणे ऐकून आम्ही चकित का व्हावे?

काचेचाही एक स्वभाव असतो. ती ऊन आत घेते आणि आतली ऊब सहसा बाहेर सोडत नाही. पश्चिमेला असे स्वयंपाकघर केले, तर वैशाखात त्याची भट्टीच व्हायची. म्हणून पूर्वेचीच पडवी बरी. तिला उघडणारी तावदाने हवीत, वर वाफ जायला वाट हवी, आणि उन्हाळ्यासाठी वाळ्याचे पडदे. हे सारे झाले. काकांच्या आक्षेपावरही काकूंनीच तोड काढली: "खालच्या तावदानांना दुधी काच लावा. उजेड येऊ द्या, डोळे नकोत."

गेल्या दिवाळीत आम्ही ओसरीवर गप्पा मारीत बसलो होतो. पडवी समोरच. काकू चकल्या तळीत होत्या. झारा ठेवला की सोऱ्या, सोऱ्या ठेवला की कढई. आम्ही दोनदा चहा मागवला, आणि दोन्ही वेळा चकल्या थांबवून त्यांनीच तो केला. पूर्वीही हे असेच होत असणार. पण तेव्हा भिंतीआडून नुसता वास येई आणि ताट येई.

तिसऱ्यांदा चहाची आठवण झाली, तेव्हा कोणी हाक मारली नाही. काका उठले, आत गेले आणि साखरेचा डबा कुठे असतो ते विचारू लागले. पन्नास वर्षांच्या संसारात तो त्यांना ठाऊक नव्हता.

काकूंनी डबा दाखवला आणि म्हणाल्या, "हं, आता आले टाका."