थोरल्याची वर्दी, धाकट्यांची मान

फौजेत गेलेल्या मुलाची इज्जत त्याच्या एकट्याची नसते. तो सुटीवर आला की लोक सलाम त्याला करतात, पण छाती फुगते अब्बांची. धाकटा भाऊ शाळेत ‘फौजीचा भाऊ’ म्हणून मिरवतो. बहिणीच्या स्थळाची बोलणी निघाली की मुलीच्या शिक्षणाआधी भावाचा हुद्दा सांगितला जातो. यांपैकी कोणीही सरहद्दीवर एक रात्र काढलेली नसते. तरी मानाचा वाटा सर्वांना मिळतो आणि आपण सारे तो बिनदिक्कत घेतो.

पुढे त्याच मुलाचे कोर्ट मार्शल होऊन तो बडतर्फ झाला तर? मान वाटून घेतलात तशी बदनामीही वाटून घ्या, असे गावाने म्हटले तर आपल्याजवळ उत्तर काय? एकाच्या गुन्ह्याचा बोजा दुसऱ्यावर नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १९५० चा लष्कर कायदाही शिक्षा देतो ती एकट्या सैनिकाला. पण या कायद्याखाली बडतर्फ झालेल्याची पेन्शन साधारणपणे जाते, आणि पेन्शन काही एकटा माणूस खात नाही. वाटणी इथूनच सुरू होते. भिंतीवरचा वर्दीतला फोटो उतरतो, ठरत आलेले स्थळ काही न सांगता गप्प होते.

यात सर्वांत जास्त भरडली जातात ती धाकटी भावंडे. आईबापांचे आयुष्य बरेचसे सरलेले असते, त्यांची ओळख गावाला आधीपासून असते. धाकट्यांजवळ स्वतःचे नाव अजून तयार झालेले नसते. थोरल्याचे नाव हेच त्यांचे भांडवल. तेच बुडते.

फ्रान्समधल्या ड्रेफस प्रकरणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्यातला भाऊ महत्त्वाचा वाटतो. कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस हा ज्यू. त्याच्यावर जर्मनीसाठी हेरगिरीचा आरोप आला आणि ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसमध्ये जाहीरपणे त्याच्या वर्दीवरची चिन्हे उपटून तलवार मोडण्यात आली. बाहेरची गर्दी ओरडत होती ती एका कॅप्टनविरुद्ध नव्हे, सगळ्या ज्यूंविरुद्ध. त्याच्या दोन लहानग्या मुलांना वडील दूरच्या प्रवासाला गेले आहेत, असे सांगितले गेले. आल्फ्रेड भावंडांत सर्वांत धाकटा. थोरला माथ्यू कापड गिरणीचा कारभार बाजूला ठेवून त्याच्यासाठी उभा राहिला आणि १८९७ साली त्याने खऱ्या गुन्हेगाराचे, एस्तेरहाझीचे, नाव जाहीर केले. आल्फ्रेड निर्दोष ठरला तो १९०६ साली. ‘मी त्यातला नाही’ म्हणून माथ्यूने आधीच हात झटकले असते, तर त्या गर्दीने त्याला भला माणूस म्हटले असते काय? आम्हाला शंका आहे. एकाच्या नावाने साऱ्या जमातीकडून खुलासा मागितला जातो तेव्हा काय वाटते, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पण ड्रेफस निर्दोष होता, म्हणून हे उदाहरण सोपे. भाऊ खरोखरच दोषी असेल तर? आम्हाला वाटते, मान आणि शिक्षा या एका तराजूत घालायच्या वस्तू नव्हेत. मान ही बक्षिसी. ती शेजाऱ्याला वाटली तरी कोणाचे काही हिरावले जात नाही. शिक्षा मात्र ज्याने केले त्याच्यापलीकडे गेली की तोच नवा गुन्हा होतो. मात्र अब्रूच्या नावाने गुन्हा झाकायची मुभाही कुटुंबाला नाही. ‘भाईजानने वाईट केले’, हे धाकट्याने म्हणायलाच हवे. ‘तो माझा भाऊ नाही’, हे त्याच्याकडून वदवून घेण्याचा हक्क मात्र कोणालाच नाही, मोहल्ल्यालाही नाही आणि सरकारलाही नाही.

असे न होता जे होते, ते गप्प बसणे. हॅरी फार हा ब्रिटिश शिपाई तोफांच्या माऱ्याने मनाने खचला होता, त्यासाठी १९१५ साली कित्येक महिने इस्पितळात होता. पुन्हा मोर्चावर जाणे जमेना, तेव्हा १८ ऑक्टोबर १९१६ रोजी भ्याडपणाच्या आरोपावरून त्याला त्याच्याच फौजेने गोळ्या घातल्या. विधवेची पेन्शन थांबली. तिने नवरा कसा गेला ते शरमेने लपवून ठेवले. मुलीलाही खरे कळले ते ती मोठी बाई झाल्यावर. मग ती मुलगी लढली. २००६ च्या कायद्याने त्या महायुद्धात अशा गुन्ह्यांसाठी मारलेल्या ३०० हून अधिक सैनिकांना माफी मिळाली, तेव्हा ती नव्वदी ओलांडून गेली होती. त्याच कायद्यात एक कलम आहे: या माफीने मूळची शिक्षा रद्द होत नाही, आणि वारसांना कसलीही भरपाई मागता येणार नाही.