शेवटचा मुक्काम

प्रवासास निघावें कसें, याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; प्रवास संपवावा कसा, याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. निघतांना माणूस सावध असतो. पैसे मोजतो, औषधें बांधून घेतो, मुहूर्त नाहीं तरी निदान वेळापत्रक पाहतो. परततांना मात्र तो गाफील असतो. कारण आतां कांहीं बिघडण्याजोगें उरलेलें नाहीं, अशी त्याची समजूत असते. आमचीहि तशीच होती. परंतु लांबच्या प्रवासांतली सर्वांत निसरडी जागा घाटांत किंवा नदीच्या उतारावर नसून शेवटच्या मुक्कामावर असते, असें आतां आम्हांस वाटूं लागलें आहे. तें कां, हें सांगण्यासाठीं आमचीच एक फजिती वाचकांपुढें मांडणें भाग आहे.

गेल्या वर्षीं कार्तिक संपतांना पाठीवर पिशवी टाकून आम्ही घराबाहेर पडलों. हल्लींचे तरुण यास 'बॅकपॅकिंग' म्हणतात. आमच्या आजोबांनीं त्या पिशवीस पडशी म्हटलें असतें. नर्मदेचा कांठ, माळवा, मेवाड आणि शेवटीं काठेवाड असे चार महिने एकट्यानेंच हिंडलों, आणि फाल्गुनांत मुंबईस उतरलों. घर अजून कोकणांत, एका रात्रीच्या वाटेवर होतें. म्हणून मधला एक दिवस अँटॉप हिल येथें एका जुन्या मित्राकडे काढावयाचें ठरविलें. मित्र केंद्र सरकारच्या नोकरींत असून त्याचें बिऱ्हाड तेथल्या सरकारी वसाहतींत आहे.

अँटॉप हिल ही मुंबई बेटाच्या पूर्व अंगाची, वडाळा आणि शीव यांच्या दरम्यानची एक ठेंगणी टेकडी. पलीकडे मिठागरांचा सखल प्रदेश, अलीकडे चाळी, झोपड्या आणि सरकारी इमारती. प्रवासवर्णनांत हिला कोणी जागा देणार नाहीं. तरी त्या दिवशीं सायंकाळीं तेथें हिंडतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, ही सबंध वस्तीच दूरच्या प्रवाशांची आहे. शेख मिसरी यांचा दर्गा येथेंच आहे. मिसर म्हणजे इजिप्त; तेथून हा साधु आला, अशी परंपरा सांगते. आला तो येथेंच राहिला, आणि त्याचा शेवटचा मुक्काम हेंच त्याचें स्थान झालें. शेजारीं शीवच्या कोळीवाड्यांत 1947 च्या फाळणीनंतर पंजाबी निर्वासितांची छावणी वसली. आज त्या भागास गुरु तेगबहादूर नगर म्हणतात. सरकारी वसाहतींत तर बदलीच्या हुकुमानें निरनिराळ्या प्रांतांतून आलेलीं कुटुंबें. आणि थोड्या अंतरावर वडाळ्याचें विठ्ठलमंदिर. ज्यांस पंढरपुरास जातां येत नाहीं ते आषाढी एकादशीस येथें रांग लावतात. कोणी येऊन राहिला, कोणास यावें लागलें, कोणास जातां आलें नाहीं. यांच्यामध्यें आम्हीच काय ते हौसेखातर हिंडून, परतीचें तिकीट खिशांत घेऊन आलेले.

रात्रीं जेवणें झाल्यावर मित्राच्या घरचीं सर्व माणसें भोंवतीं जमलीं आणि आमच्या कथेस रंग चढला. येथेंच ती निसरडी जागा आली. चार महिने जें नुसतें घडत होतें त्यास त्या रात्रीं प्रथमच आकार मिळूं लागला. कंटाळ्याचे दिवस गळून पडले, भीतीचे प्रसंग विनोदी झाले, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटीं आम्ही कांहींसे उंच होऊन उभे राहूं लागलों. नर्मदाकांठच्या एका खेड्यांत आम्हांस तीन दिवस ताप आला होता. तो प्रसंग सांगून आम्हीं शेवट असा केला कीं, "परक्या मुलखांत, ओळखीचें कोणी नसतां, एकट्यानें निभावून नेलें."

मित्राची आई आतांपर्यंत वाती वळीत स्वस्थ ऐकत होती. ती म्हणाली, "एकट्यानें कसं रे? तीन दिवस पेज कोणी दिली?"

आम्हीं सांगितलें कीं, एका घरच्या बाईंनीं ओसरीवर जागा दिली होती, त्याच देत.

"नांव काय त्यांचं?"

आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. तीन दिवस त्यांस 'माताजी' म्हणून हाक मारली होती. नांव विचारण्याचें सुचलें नव्हतें. रात्रीं वही काढून पाहिली. तींत रोजचा खर्च होता, चाललेले कोस होते, गाड्यांच्या वेळा होत्या, देवळांचीं आणि घाटांचीं नांवें होतीं. त्या तीन दिवसांच्या पानावर एवढेंच होतें: 'ताप. खर्च नाहीं.'

त्या दोन शब्दांनीं आम्हांस पुष्कळ वेळ झोंप येऊं दिली नाहीं. खर्च नाहीं, हें खरें. परंतु खर्च झाला नव्हता असें नाहीं. तो दुसऱ्या कोणीं तरी केला होता, आणि आमच्या वहींत त्याला खातें नव्हतें.

कोणी म्हणेल, नांवाचें एवढें काय? ज्यानें दिलें त्यानें स्मरणाच्या अपेक्षेनें दिलें नाहीं, आणि निरपेक्ष दानाचा हिशोब मांडणें म्हणजे त्यास व्यापाराच्या पातळीवर आणणें होय. हा आक्षेप ऐकावयास गोड आहे. पण तो घेणाराच्या तोंडीं शोभत नाहीं. देणाऱ्यानें विसरावें, हा त्याचा मोठेपणा. घेणाऱ्यानें विसरावें, हा मोठेपणा कसा होईल? एकाच विस्मृतीस दोन टोकांना दोन निरनिराळीं नांवें आहेत. एका टोकाला ती उदारता असते, दुसऱ्या टोकाला कृतघ्नता.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें 1795 सालीं शाश्वत शांततेवर लिहिलेल्या निबंधांत आतिथ्य ही दयेची बाब नसून हक्काची बाब आहे, असें प्रतिपादन केलें. परंतु हा हक्क त्यानें मोठ्या काळजीनें मर्यादित केला आहे. परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यास कोणीं शत्रूसारखें वागवूं नये, एवढाच तो हक्क. पाहुणा म्हणून घरांत घेतलें जाण्याचा हक्क त्यास नाहीं. कांटच्या मापानें मोजतां, त्या खेड्यानें आम्हांस हांकलून दिलें नाहीं हें आमच्या हक्कांत बसतें. ओसरी, पेज आणि रात्रीं उशाशीं ठेवलेला पाण्याचा तांब्या हीं हक्काच्या पलीकडचीं होतीं. हक्कानें मिळालेल्याचा हिशोब एक वेळ नसला तरी चालेल. हक्कापलीकडे मिळालेल्याचा ठेवावाच लागतो.

आपल्याकडे या पलीकडच्या भागास फार पूर्वीं नांव देऊन ठेवलेलें आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण हीं तीन ऋणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. शतपथ ब्राह्मणांत चौथें एक सांगितलें आहे, तें मनुष्यांचें ऋण. आणि तें फेडण्याचा मार्ग म्हणजे माणसांस आश्रय देणें व अन्न देणें. येथें एक गोष्ट लक्ष्यांत घेण्याजोगी आहे. ज्यानें आपणांस खाऊं घातलें त्याचेंच तें परत करावें, असें येथें म्हटलेलें नाहीं. ऋण मनुष्यजातीचें आहे. फेड दारीं येईल त्या मनुष्याकडे करावयाची. त्यामुळें देणाऱ्याचा पत्ता हरवला तरी ऋण बुडत नाहीं आणि फेडीची सोयहि राहते. मात्र ऋण आहे हें मान्य करणें, ही त्यांतील पहिली अट. 'एकट्यानें निभावलें' म्हणणारानें ती अटच मोडलेली असते.

या संदर्भांत वरसईच्या विष्णुभट गोडशांची आठवण होते. घरचें कर्ज फेडावें म्हणून ते 1857 सालीं आपल्या चुलत्यांसह उत्तरेस निघाले आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीचा पाडाव त्यांनीं आंत राहून पाहिला. मिळविलेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें. तरी गंगेचें पाणी घेऊन ते घरीं परतले आणि त्यांनीं आईबापांस त्या पाण्यानें स्नान घातलें. पुढें अनेक वर्षांनीं त्यांनीं जी हकीकत लिहिली आणि जी 1907 सालीं प्रसिद्ध झाली, तींत आपण भ्यालों, रडलों, दुसऱ्याच्या आश्रयानें जगलों हें त्यांनीं झांकून ठेवलेलें नाहीं. म्हणूनच ती आजहि खरी वाटते. काशीहून परतलेल्यानें गांवजेवण घालावें, ज्यास आपण मावंदें म्हणतों, ती चाल आम्हांस पूर्वीं नुसती खर्चिक वाटे. आतां तींत शहाणपण दिसतें. वाटेवर शंभर घरीं जेवलेल्यानें घराशीं आल्यावर पहिल्यानें गोष्ट सांगावयाची नसून पान वाढावयाचें असतें.

आणखी एक गोष्ट त्या टेकडीनें आम्हांस शिकविली. कोळीवाड्याच्या छावणींत आलेल्या माणसांनीं आमच्याहून कितीतरी कठीण प्रवास केला होता; तो त्यांनीं निवडलेला नव्हता आणि त्यास परतीची वाट नव्हती. ज्याला घर आहे त्याच्या भटकण्यास हौस म्हणावें. ज्याचें घर गेलें त्याच्या भटकण्यास तो शब्द लावतां येत नाहीं. हौस वाईट नव्हे. पण हौशीच्या कष्टांना पराक्रमाचें मोल मागणें, तेंहि अशा शेजारांत बसून, हें वाईट. आम्ही तें करीत होतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मंडळी पुन्हां जमली तेव्हां आम्हीं नर्मदाकांठची ती गोष्ट परत सांगितली. या खेपेस बाईंसकट आणि आमच्या रडण्यासकट. ती पहिल्याइतकी रंगली नाहीं. मुलें मधूनच उठून गेलीं. वहींतल्या 'खर्च नाहीं' या शब्दांपुढें मात्र आम्हीं त्या गांवाचें नांव लिहिलें आणि बाईंच्या नांवापुरती जागा कोरी ठेवली. येत्या हिंवाळ्यांत तिकडे जाऊन ती भरावी, असा विचार आहे.

निघतांना मित्राच्या आईनें दशम्या आणि लसणीची चटणी बांधून दिली. पुडकें पिशवींत ठेवतां ठेवतां आम्हांस एकदम जाणवलें कीं, पंचवीस वर्षें या बाईच्या हातचें आम्ही जेवत आलों, पण त्यांचें स्वतःचें नांव आम्हांस ठाऊक नाहीं. त्या आमच्यासाठीं केवळ मित्राची आई. आम्हीं भीतभीतच विचारलें. त्यांस प्रथम हंसूं आलें. मग पदर सांवरून त्यांनीं माहेरचें आणि सासरचें अशीं दोन्ही नांवें सांगितलीं. तीं येथें छापलेलीं त्यांस रुचणार नाहींत. वहींत लिहून ठेवलीं आहेत.